प्रवासांतलें गार पाणी

मनुष्य घरीं असला म्हणजे त्याला गार पाणी मिळविणें फारसें अवघड पडत नाहीं. ओसरीच्या कोपऱ्यांत ओल्या वाळूवर माठ ठेवावा, आंत वाळ्याची जुडी सोडावी, वर झांकण घालावें, कीं काम झालें. खरी अडचण येते ती घर सोडल्यावर. वाटेवर सावली असेलच असें नाहीं, विहीर कोठें आहे हें ठाऊक नसतें, आणि बरोबर घेतलेलें पाणी दोन प्रहरीं इतकें तापतें कीं तें प्यालें तरी तहान भागल्यासारखें वाटत नाहीं. ही अडचण निरनिराळ्या काळच्या लोकांनीं कशी सोडविली, बादशहांनीं काय केलें, व्यापाऱ्यांनीं काय केलें, आगगाडीच्या उतारूंनीं काय केलें, आणि ज्यास कॅरॅव्हॅन म्हणतात त्या चाकांवरच्या घरांत ती आज कशी सुटली आहे, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्यांत पदार्थविज्ञान आहे, व्यापार आहे, राजवैभव आहे, आणि माणसानें माणसाशीं कसें वागावें हा प्रश्नही आहे.

प्रथम माठाचेंच रहस्य पाहूं, कारण पुढच्या सर्व युक्त्या समजण्याची किल्ली त्यांत आहे. भाजलेल्या मातीच्या भांड्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाणी पाझरतें आणि बाहेरच्या हवेंत त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते, ती भांड्यांतल्या पाण्यांतूनच घेतली जाते, आणि मागें राहिलेलें पाणी गार होतें. ही उष्णता किती असावी? एक शेर पाणी उन्हाळ्याच्या हवेंत वाफ होऊन उडून गेलें, तर तें जातां जातां इतकी उष्णता बरोबर नेतें कीं, बाहेरची धग आंत येऊं दिली नाहीं असें धरल्यास, सुमारें ५८ शेर पाणी १० सेंटिग्रेड अंशांनीं थंड व्हावें. एक शेर बर्फ वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तिच्या सुमारें सातपट ही उष्णता आहे. मीं शाळेंत शिकवीत असतांना सारख्या दोन बाटल्या पाण्यानें भरून खिडकींत ठेवीत असें, एकीला ओलें फडकें गुंडाळलेली आणि दुसरी कोरडी. तासाभरानें मुलांनीं हात लावून पाहिलें म्हणजे पुस्तकांतलें पान निराळें समजावून सांगावें लागत नसे.

मग माठ इतका बलवान् असतां माणसाला बर्फाची गरज कां भासावी? याचें उत्तर असें कीं माठाच्या शक्तीला हवेनें एक सीमा घालून दिलेली आहे. हवा कोरडी असेल तरच ती वाफ स्वीकारते. विदर्भांत वैशाखाच्या दुपारीं हवेचें तपमान ४० अंश आणि आर्द्रता शेंकडा २० असली, तर ओल्या फडक्याचें पाणी सुमारें २२ अंशांपर्यंत उतरूं शकतें. कोंकणपट्टींत तपमान ३२ अंश पण आर्द्रता शेंकडा ८० असली, तर तेंच पाणी २९ अंशांच्या खालीं फारसें जात नाहीं. यामुळें नागपूरच्या माणसाला खुज्यांतलें पाणी अमृततुल्य वाटतें, आणि मुंबईचा माणूस त्याच खुज्याला नांवें ठेवतो. दोष खुज्याचा नसतो, हवेचा असतो. ही सीमा ओलांडावयाची तर दुसरा कांहीं उपाय पाहिजे होता, आणि तो आपल्या देशांत चारशें वर्षांपूर्वीं राजदरबारीं माहीत होता.

अकबर बादशहाच्या कारभाराचें वर्णन अबुल फजल यानें 'आईन-इ-अकबरी' ग्रंथांत केलें आहे. त्यांत आबदारखाना म्हणून एक स्वतंत्र खातें वर्णिलेलें आढळतें. आब म्हणजे पाणी. घरीं असो वा प्रवासांत असो, बादशहा गंगेचें पाणी पीत असे. नदीकांठीं विश्वासू माणसें नेमलेलीं होतीं. तीं पाणी घागरींत भरून, तोंडें मोहोरबंद करून, दरबाराकडे रवाना करीत. स्वारी आग्र्यास किंवा फत्तेपूर शिक्रीस असली म्हणजे पाणी सोरोंहून येई, आणि पंजाबांत असली म्हणजे हरिद्वाराहून. हें पाणी थंड करण्याची रीतही अबुल फजलानें दिली आहे. एक शेर पाणी जस्तासारख्या किंवा रुप्याच्या सुरईंत भरून तिचें तोंड बंद करावयाचें. दुसऱ्या मोठ्या भांड्यांत पांच शेर पाण्यांत अडीच शेर सोरा टाकावयाचा, आणि त्या मिश्रणांत ती सुरई पाव तासभर फिरवीत राहावयाचें. आंतलें पाणी गार होतें.

सोरा पाण्यांत विरघळतांना उष्णता शोषून घेतो हें यांतलें तत्त्व. येथें वाफेचा संबंध नाहीं, म्हणून हवा दमट असली तरी ही युक्ति चालते. ज्या सोऱ्यापासून बंदुकीची दारू करावयाची, जो तोफेच्या पोटांत आग उत्पन्न करतो, त्यानेंच पाणी गार करावें याचें कौतुक अबुल फजलालाही वाटलें आणि त्यानें तें नमूद करून ठेवलें. सोरा वायांही जात नाहीं. तें पाणी आटवलें कीं खालीं तो पुन्हां हातीं येतो.

पुढें १५८५ च्या सुमारास बादशहाचा मुक्काम लाहोरास गेला, तेव्हांपासून दरबारांत बर्फाचा उपयोग होऊं लागला. लाहोरापासून सुमारें ४५ कोसांवरच्या उत्तरेकडील डोंगरांतून तो नावांनीं, गाड्यांनीं आणि हमालांच्या डोक्यांवरून येत असे. या कामीं दहा नावा नेमलेल्या होत्या आणि त्यांतली एक रोज राजधानीस पोंचे. बर्फाचा भाव रुपयास दोन ते तीन शेर पडे. त्या काळच्या रुपयाची किंमत ध्यानांत घेतली म्हणजे हा पदार्थ कोणाच्या पेल्यांत पडत असेल हें निराळें सांगावयास नको. उन्हाळ्यांत बर्फ सर्व दर्जाचे लोक वापरीत असें आईनकार म्हणतो खरें, पण बारमाही बर्फ वापरणारे ते सरदारच.

आपल्या मराठेशाहींतही ही व्यवस्था परकी नव्हती. राज्याच्या अठरा कारखान्यांची जी यादी सांगतात तिच्यांत आबदारखाना व शरबतखाना हीं दोन्हीं नांवें आहेत. तोफखाना, पीलखाना, दारूखाना यांच्या पंक्तीला पाण्याचें खातें बसलेलें पाहून आज आपल्याला मौज वाटते. पण सहस्रावधि माणसें आणि जनावरें घेऊन उन्हांतून कूच करणाऱ्या स्वारीला पाण्याची व्यवस्था दारूगोळ्याइतकीच महत्त्वाची होती.

फ्रान्सचा वैद्य बर्निये औरंगजेबाच्या छावणीबरोबर १६६४ च्या अखेरीस दिल्लीहून लाहोराकडे व तेथून काश्मीराकडे गेला. त्यानें तंबूंतल्या जिण्याचें जें वर्णन लिहिलें त्यांत कथलाच्या सुरईचा उल्लेख आहे. सुरईवर कापडाची पिशवी घातलेली असे आणि ती पिशवी ओली ठेवीत. चाकरानें ती हातांत धरून चालावें, म्हणजे वारा लागून आंतलें पाणी थंड राही. पहा, धातूच्या भांड्याला छिद्रें नाहींत, म्हणून मातीचें काम कापडाकडून करून घेतलें. माठ जागीं बसून वाऱ्याची वाट पाहतो, पण प्रवासांत भांडें स्वतःच चालत असतें, तेव्हां वारा आयता मिळतो. प्रवास हा पाणी तापवितो खरा, पण युक्ति माहीत असेल तर तोच पाणी गारही करतो. हा मुद्दा पुढें आगगाडीच्या प्रकरणीं पुन्हां येईल.

उत्तर हिंदुस्थानांतल्या मैदानांत तर बर्फ तयार करण्याचीही विद्या होती. सर रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत अलाहाबाद भागांतल्या या धंद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. उघड्या मैदानांत दोन फूट खोल चौरस खड्डे करीत, त्यांत उंसाचीं चिपाडें किंवा मक्याचीं ताटें जाड पसरीत, आणि त्यांवर उथळ मातीच्या परळांच्या रांगा मांडून संध्याकाळीं त्यांत उकळून निववलेलें पाणी ओतीत. हिंवाळ्याच्या निरभ्र रात्रीं परळांतली उष्णता वर मोकळ्या आकाशाकडे निघून जाई, खालून जमिनीची ऊब चिपाडें अडवीत, आणि पाझर होऊन वाफ होई ती वेगळीच. पहाटेपूर्वीं परळांत बर्फाच्या चकत्या बनत. सूर्य वर येण्यापूर्वीं शेंकडों माणसें त्या गोळा करून खोल खड्ड्यांत दडपून ठेवीत आणि उन्हाळ्यांत तो बर्फ निघे. थंडीचा पैसा साठवून उन्हाळ्यांत खर्च करण्याचा हा प्रकार होता.

यापुढचें प्रकरण मात्र एखाद्या अद्भुत कथेसारखें आहे. अमेरिकेंत बोस्टन शहरीं फ्रेडरिक ट्यूडर नांवाचा एक व्यापारी होता. आपल्याकडच्या तळ्यांवर हिंवाळ्यांत फुकट जमणारा बर्फ उष्ण देशांत नेऊन विकावा असें त्याच्या मनानें घेतलें. १८०६ सालीं त्यानें पहिलें जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटाकडे पाठविलें, तेव्हां लोक त्याला हंसले, आणि त्याला तोटाही आला. पण तो खचला नाहीं. नॅथॅनिएल वाइथ या त्याच्या साहाय्यकानें घोड्यानें ओढावयाचें बर्फ कापण्याचें यंत्र काढलें. त्यामुळें सारख्या आकाराच्या लाद्या निघूं लागल्या व त्या एकमेकींस चिकटून रचतां येऊं लागल्या. भोंवतीं लांकडाचा भुसा दाबून भरीत. भुशांतल्या पोकळ्यांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहसा जाऊं देत नाहीं. लांकूड कापण्याच्या गिरण्यांना जो भुसा ओझें वाटत होता त्यालाच अशी किंमत आली.

१८३३ च्या मे महिन्यांत 'टस्कनी' नांवाचें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें. दोन वेळां विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांनीं, सप्टेंबरांत तें कलकत्त्यास लागलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. सरकारनें त्यावरची जकात माफ केली आणि उन्हाची बाधा होऊं नये म्हणून रात्रीं माल उतरविण्यास परवानगी दिली. पुढें कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्हीं शहरांत बर्फ सांठविण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. मद्रासची इमारत अद्याप समुद्रकांठीं उभी आहे. स्वामी विवेकानंद १८९७ सालीं तेथें राहिले होते आणि आतां ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. मुंबईस १८३४ सालीं अमेरिकेचा बर्फ आला. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें आणि दुसऱ्या दिवशीं यजमानांना व पाहुण्यांना पडसें झालें, अशी त्या वेळची गोष्ट मुंबईंत अजून सांगतात. अमेरिकन ग्रंथकार थोरो यानें १८५४ च्या 'वॉल्डन' या पुस्तकांत आपल्या खेड्यांतल्या तळ्याचा बर्फ कापला जातांना पाहिल्याचें लिहिलें आहे, आणि तें पाणी पिणाऱ्या दूरच्या शहरांत मुंबईचेंही नांव घेतलें आहे. यंत्रानें बर्फ करण्याचे कारखाने आपल्या बंदरांत निघाले तसा १८८० च्या आसपास हा व्यापार मावळला.

बर्फ शहरांत आला, पण वाटसरूच्या हातीं आला नाहीं. १८५३ च्या १६ एप्रिलला मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली आणि पुढें थोड्याच वर्षांत लक्षावधि लोक दूरचा प्रवास करूं लागले. या लोकांनीं आपापले उपाय शोधले. आपल्या महाराष्ट्रांत फिरकीचा तांब्या प्रसिद्ध आहे. पितळेचा तांब्या, त्याला आट्यांचें घट्ट झांकण, गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडावयाचा नाहीं. शहाणी गृहिणी त्याला ओलें फडकें गुंडाळून खिडकीच्या कडेला वाऱ्यावर ठेवी. बर्नियेच्या चाकराचें काम आगगाडी करूं लागली. कोणी खुजा घेत, तो फुटूं नये म्हणून लांकडी घडवंचींत बसवीत. कोणी जाड कापडाची छागल घेऊन डब्याच्या बाहेरच्या बाजूस टांगीत. मूळची छागल शेळीच्या कातड्याची. कापडाच्या छागलेचे तंतु भिजले कीं फुगतात आणि पाणी गळूं देत नाहींत, तरी वरचें अंग सदैव ओलसर राहतें. गाडी वेगानें धांवे तों वारा तिच्यावर आदळे, आणि कोरड्या मुलखांत स्टेशन येईपर्यंत पाणी दांतांना लागण्याइतकें थंड होई. अशाच पिशव्या पुढें मोटारींच्या तोंडाशीं टांगून अमेरिकेंतलें व ऑस्ट्रेलियांतलें वाळवंट लोकांनीं ओलांडलें.

पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठीं खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत व त्या भिजवीत ठेवीत. १९२८ सालीं सुरू झालेल्या फ्रंटियर मेलला १९३४ सालीं हवा थंड ठेवणारा डबा जोडण्यांत आला. त्यांत आरंभीं डब्याच्या तळाशीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून पंख्यानें हवा आंत सोडीत, आणि वाटेंत ठराविक स्टेशनांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागीं नव्या भरीत. म्हणजे बादशहाच्या दहा नावांचेंच हें रुळांवरचें रूप म्हणावयाचें.

परंतु श्रोतेहो, गार पाण्याचा इतिहास सांगतांना केवळ युक्त्यांची यादी देऊन थांबलें तर ती गोष्ट अर्धी राहील. त्याच आगगाडीच्या काळांत स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा निरनिराळ्या हांका ऐकूं येत. आणि या दोन हांकांत ज्यांची गणना होत नसे त्यांना कोणतें पाणी मिळे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वडील खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें नोकरीवर होते. त्यांना भेटावयास ते आपल्या भावाभाच्यांसह साताऱ्याहून आगगाडीनें निघून मसूर स्टेशनावर उतरले आणि तेथून बैलगाडीनें पुढें गेले. मुलें नवी वस्त्रें ल्यालेलीं, फराळाचें भरपूर बरोबर. पण हीं मुलें अस्पृश्य आहेत असें कळल्यावर वाटेंत कोणी त्यांना पिण्याचें पाणी दिलें नाहीं. पाण्यावांचून घांस गिळेना, म्हणून अन्न जवळ असून तीं उपाशीं निजलीं. त्या रात्रीं त्यांना सोरा नको होता, बर्फ नको होता, ओलें फडकें नको होतें. साधें पाणी हवें होतें, आणि तें जवळपास होतें. तीं मुलें ज्यानें अनुभवलेलें तें विसरलीं नाहींत त्यांतल्या एकानें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेंत सार्वजनिक विहिरी व तळीं यांविषयींचा भेदभाव निषिद्ध ठरला. पाणी किती अंशांवर आहे हा प्रश्न नंतरचा. तें कोणास मिळतें हा पहिला.

आतां चाकांवरच्या घराकडे वळूं. १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश गृहस्थानें 'वाँडरर' नांवाची घोड्यांनीं ओढावयाची प्रवासी गाडी बांधवून घेतली आणि केवळ हौसेखातर तींत राहून देश पाहिला. १९१० सालीं अमेरिकेंत पिअर्स-ॲरो कंपनीनें अशाच सोयींची मोटार प्रदर्शनांत मांडली. अशा घरांत अन्न व पेयें थंड ठेवण्याचें आरंभीचें साधन म्हणजे बर्फाची पेटी. तिचा मूळ पुरुष मेरीलँड प्रांतांतला टॉमस मूर नांवाचा शेतकरी होय. त्याला आपल्या शेतावरचें लोणी वीस मैलांवरच्या बाजारांत न वितळतां न्यावयाचें होतें. त्यानें लांकडी पिंपांत कथिलाचें भांडें बसविलें, मधल्या जागेंत बर्फ भरला, बाहेरून सशाच्या लोकरीचें आच्छादन केलें, आणि १८०३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्याचें घट्ट लोणी बाजारांत इतरांपेक्षां अधिक भावानें जाई. 'रेफ्रिजरेटर' हा शब्द त्यानेंच आपल्या पेटीला लावला. म्हणजे आज घराघरांत जें कपाट उभें आहे त्याचें नांव मुळांत एका प्रवासी पेटीचें आहे.

पेयापुरता दुसरा मोठा शोध सर जेम्स ड्यूअर यांचा. १८९२ सालीं त्यांनीं दुहेरी कांचेची बाटली करून मधली हवा काढून टाकली. हवाच नाहीं म्हटल्यावर उष्णतेनें यावें कशावरून? कांचेला आंतून चांदीचा मुलामा दिला, म्हणजे किरणांनीं येणारी उष्णताही माघारी फिरते. ड्यूअर यांना ती प्रयोगशाळेंत अतिशीत द्रव ठेवण्यासाठीं हवी होती. जर्मनींतल्या कारागिरांनीं १९०४ सालीं ती थर्मास या नांवानें बाजारांत आणली, आणि प्रवाशाच्या खांद्याला ती कायमची लटकली.

परंतु पेटी काय किंवा थर्मास काय, थंडी राखून ठेवतात, उत्पन्न करीत नाहींत. चालत्या घरांत थंडी उत्पन्न करण्याची वाट स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनीं दाखविली. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे स्टॉकहोमच्या तांत्रिक विद्यालयांत शिकत होते. १९२२ सालीं त्यांनीं असें शीतकपाट योजिलें कीं ज्यांत एकही फिरता भाग नाहीं, आवाज नाहीं, आणि जें थंड करावयास एक लहानशी ज्योत पुरते. १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनीनें तें विकावयास आरंभ केला. ज्योतीनें थंडी कशी व्हावी हें कोडें वाटेल. उलगडा असा आहे. नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद केलेलीं असतात. ज्योतीच्या उष्णतेनें अमोनिया पाण्यांतून सुटतो, वर जाऊन बाहेरच्या हवेनें निवतो व द्रव होतो, आणि मग हायड्रोजनानें भरलेल्या नळींत उतरून तेथें पुन्हां त्याची वाफ होते. वाफ होतांना तो कपाटांतली उष्णता घेतो. नंतर पाणी त्याला पुन्हां शोषून घेतें आणि चक्र पुरें होतें. नीट पाहिलें तर हा आपला माठच आहे. माठांत पाण्याची वाफ कोरड्या हवेंत होते, येथें अमोनियाची वाफ हायड्रोजनांत होते. कोरड्या हवेची जागा हायड्रोजनानें घेतली, आणि ही 'कोरडी हवा' नळींत बंद असल्यामुळें मुंबईच्या दमटपणाचें कांहीं चालत नाहीं.

हीं कपाटें कॅरॅव्हॅनमध्यें फार लोकप्रिय झालीं, कारण रानांत मुक्काम पडला तरी गॅसच्या नळकांड्यावर तीं चालत. पण त्यांच्या दोन खोडी आहेत. पहिली, यांतला द्रव आपल्या वजनानेंच उतारावरून वाहतो, म्हणून गाडी सपाट जागीं उभी पाहिजे. कलती राहिली तर प्रवाह अडतो आणि थंडी बंद पडते. दुसरी, पाठीमागची उष्णता बाहेर जाण्यास मोकळी हवा लागते, आणि भर उन्हाळ्यांत तीं थकतात. शिवाय गाडी चालत असतां ज्योत पेटती ठेवणें, विशेषतः पेट्रोल भरतेवेळीं, धोक्याचें आहे. यामुळें अलीकडे गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारीं, दाबयंत्राचीं लहान कपाटें अधिक पसंत पडूं लागलीं आहेत. लहान कपाटाचें यंत्र चालू असतांना साधारण चाळीस-पन्नास वॉट वीज लागते, आणि छपरावरच्या सूर्यपट्ट्या ती बॅटरींत भरीत राहतात. ज्या सूर्यानें पाणी तापवावयाचें त्यालाच तें थंड करण्यास जुंपलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यामुळें हा विषय आतां आपल्यालाही परका राहिलेला नाहीं.

इतिहासानें शिकविलेलीं चार व्यवहाराचीं सूत्रें सांगून ठेवतों. कपाट असो वा पेटी, तींत आधींच थंड केलेलें पाणी ठेवावें. कोमट पाणी आंत ठेवलें तर सारा बर्फ तें निवविण्यांतच खर्ची पडतो. बर्फाची एक मोठी लादी चुऱ्यापेक्षां सावकाश वितळते, कारण तिचें उघडें अंग कमी असतें. ट्यूडरच्या जहाजाचा धडा हाच. लवकर गार करावयाचें असेल तर उलट चुरा व पाणी एकत्र करून त्यांत बाटली फिरवावी, म्हणजे थंडी सर्व बाजूंनीं भिडते. हा अकबराच्या आबदाराचा धडा. पेटीचें झांकण वारंवार उघडूं नये, आणि पिण्याची पेटी शिध्याच्या पेटीहून निराळी ठेवावी, कारण तहान भुकेपेक्षां अधिक वेळां लागते. आणि यंत्र बिघडलें, बॅटरी संपली, तरी मुलूख कोरडा असेल तर घाबरावयाचें कारण नाहीं. ओलें फडकें आणि वारा हीं दोन्हीं फुकट मिळतात.

अकबराच्या एका पेल्यामागें नदीवरचे पहारेकरी, नावाडी, हमाल आणि सुरई फिरविणारा आबदार एवढे हात राबत. आज एक सामान्य कुटुंब स्वतःच्या गाडींत तसलाच पेला भरून घेतें, आणि त्याला कोणाचें तोंड पहावें लागत नाहीं. ही प्रगति खरीच मोठी आहे, तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट नजरेआड होऊं पाहते. पूर्वीं वाटसरू पाण्यासाठीं गांवावर अवलंबून असे, म्हणून गांवाला पाणपोई घालणें भाग पडे. चैत्र लागला कीं वाटेच्या कडेला झोंपडी उभी राही, रांजण भरले जात, आणि येणाऱ्याच्या ओंजळींत पाणी ओतलें जाई. ज्याच्या गाडींत शीतकपाट आहे त्याला पाणपोईची गरज उरत नाहीं, आणि ज्याला गरज नाहीं त्याला ती आठवतही नाहीं. रस्त्यावर पायीं चालणारे मात्र अजून आहेत. ऊसतोडीच्या हंगामांत गाड्यांमागून चालणारीं कुटुंबें आहेत, आषाढींत पंढरीची वाट चालणारे वारकरी आहेत, डांबर तापलेलें असतां त्यावर खडी टाकणारे मजूर आहेत.

म्हणून उन्हाळ्यांत दूरच्या वाटेला निघणाऱ्या श्रोत्यांस माझी इतकीच विनंति आहे कीं, आपल्यापुरतें गार पाणी भरून घेतांना आणखी एक घागर अधिक भरून घ्यावी, आणि वाटेवर कोणी हात पुढें केला तर गाडी थांबवावी. त्या घागरीला शीतकपाटाची आवश्यकता नाहीं. तिला फक्त एक ओलें फडकें गुंडाळून ठेवावें.